ज्वाळेच्या शेजारची भिंत

१. इंजिन वितळत कसं नाही?

शाळकरी मुलं हा प्रश्न बिनधास्त विचारतात, मोठी माणसं मनातच ठेवतात. जेट इंजिनात जे जळतं ते आपलं केरोसीनच. रॉकेलाचं जास्त गाळीव, जास्त काटेकोर भावंड म्हणा. दाबलेल्या हवेत ते पेटलं की ज्वाळेच्या गाभ्यात तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. ही ज्वाळा ज्या कक्षात असते, त्याचं अस्तर निकेलच्या मिश्रधातूच्या पत्र्याचं असतं. पत्र्याची जाडी एक-दीड मिलिमीटर. हा मिश्रधातू १,३०० ते १,४०० अंशांच्या दरम्यान वितळतो. वितळणं तर पुढची गोष्ट झाली. हजार अंश ओलांडले की तो मऊ पडू लागतो, हवेतला ऑक्सिजन त्याला खाऊ लागतो आणि दाबाखाली तो हळूहळू वाकतो.

तरीही हे अस्तर हजारो तास टिकतं.

उष्णता किती, याचा अंदाज घेऊ. १९८९ पासून इंडियन एअरलाइन्सने एअरबस ए-३२० विमानं आणली, त्यांना व्ही-२५०० नावाची इंजिनं होती. या जातीचं एक इंजिन उड्डाणाच्या वेळी सेकंदाला साधारण एक किलो इंधन पितं. एक किलो केरोसीन जळलं की सुमारे ४.३ कोटी जूल उष्णता निघते. म्हणजे एका इंजिनाच्या पोटात ४.३ कोटी वॅटची भट्टी. घरातला गिझर २,००० वॅटचा धरला तर एकवीस हजारांहून अधिक गिझर एकदम चालू. आणि हे सगळं एका बांगडीच्या आकाराच्या पोकळीत, जी दोन माणसांनी हात पसरून कवेत घ्यावी एवढीच.

बहुतेकांना वाटतं, काहीतरी अद्भुत धातू सापडला असणार. तसा धातू नाही. जी हवा ज्वाळेला पुरवायची, तिच्यातलीच थोडी बाजूला काढून तिच्या आधाराने भिंत जगवली जाते. ही बाजूला काढलेली हवा किती कमी करता येईल, याच भांडणात गेली ऐंशी वर्षं इंजिनवाल्यांची डोकी खर्ची पडली आहेत. आपलं प्रकरण त्या भांडणाचं आहे.

२. गार करणारी हवाही तापलेलीच

विमान दहा किलोमीटर उंचीवर असतं, बाहेर उणे पन्नास अंश. मग गार हवेला काय तोटा? हा पहिला गैरसमज. बाहेरची हवा ज्वलनकक्षापर्यंत थेट येतच नाही. आधी ती कॉम्प्रेसरमधून जाते, तिथे तिला दाबलं जातं, आणि दाबली की हवा तापते. सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरताना हाताला गरम लागतं ते याचमुळे.

जमिनीवर १५ अंशांची हवा घेऊ. जुन्या काळच्या इंजिनाप्रमाणे तिचा दाब पाचपट केला तर ती साधारण २१० अंशांवर जाते. आजच्या मोठ्या इंजिनाप्रमाणे चाळीसपट केला तर ६३० अंशांच्या आसपास. ६३० अंशांची हवा अॅल्युमिनिअमला जवळजवळ वितळवण्याच्या बेताची आहे. एवढ्या तापलेल्या हवेला इंजिनवाले बिनदिक्कत ‘कूलिंग एअर’ म्हणतात.

म्हणजे अडचण दुहेरी. दाब वाढवला की इंजिन कमी इंधनात जास्त काम करतं, म्हणून प्रत्येक नव्या पिढीत दाब वाढतोच. पण दाबाबरोबर ज्वाळा अधिक तापते आणि तिच्यापासून वाचवणारी हवाही अधिक तापते. भिंत मात्र दोन्ही काळांत त्याच हजार अंशांपाशी अडून बसलेली. आधी तिच्या आणि गार हवेच्या तापमानात आठशे अंशांचं अंतर होतं, आता जेमतेम पावणेचारशेचं. उष्णता काढून न्यायची ती याच अंतरावर.

३. शंभर किलो हवेचा हिशेब

केरोसीन पूर्ण जाळायला त्याच्या वजनाच्या साधारण पंधरापट हवा लागते. समजा, ज्वलनकक्षात १०० किलो हवा आली आणि आपण तिच्यात २ किलो इंधन फवारलं. इंधनाची गरज ३० किलो हवेची. उरली ७० किलो. हिचं काय करायचं?

तिला दोन कामं असतात. ज्वाळेतून निघालेला वायू टर्बाइनच्या पात्यांना सोसणार नाही इतका गरम असतो. त्यात हवा मिसळून तो सौम्य करायचा, हे एक. कक्षाच्या भिंती थंड ठेवायच्या, हे दुसरं. जुन्या धाटणीच्या ब्रिटिश इंजिनांत ढोबळ वाटणी अशी असे: सुमारे ४० टक्के हवा ज्वलनाला, २० टक्के वायू सौम्य करायला आणि उरलेली ४० टक्के निव्वळ भिंतींना. भिंतीचा वाटा ज्वाळेइतकाच! आजच्या डिझाइनरला हा आकडा उधळपट्टीचा वाटेल. पण तेव्हा हवा शिल्लक होती, आणि शिल्लक असलेल्या गोष्टीची काटकसर कोणी करत नाही.

तरी सुरुवातीच्या लोकांचे हाल कमी नव्हते. फ्रँक व्हिटल यांचं पहिलं जेट इंजिन १२ एप्रिल १९३७ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी इथे सुरू झालं. पुढची तीन वर्षं त्यांना सर्वांत जास्त छळलं ते ज्वलनकक्षाने. इंधन नीट पेटत नसे, ज्वाळा भलतीकडे लागे, पत्रे वाकत आणि जळत. १९४० मध्ये शेल कंपनीच्या आयझॅक लबॉक यांनी इंधनाचा बारीक फवारा करणारा बर्नर दिला, तेव्हा गाडी रुळावर आली. तिकडे जर्मनीत आन्सेल्म फ्रान्झ यांच्यापुढे वेगळंच संकट होतं. युद्धामुळे निकेल मिळेना. मेसरश्मिट-२६२ या लढाऊ विमानाच्या युमो-००४ इंजिनात त्यांनी ज्वलनकक्षाला साधा पोलादी पत्रा वापरला आणि गंजू नये म्हणून त्यावर अॅल्युमिनिअमचा थर भाजून चढवला. इंजिनाचं आयुष्य भरे पंचवीसेक तास, पुष्कळदा त्याहूनही कमी. युद्धात तेवढं खपून गेलं. प्रवासी विमानाला ते परवडणारं नव्हतं.

४. दुधाच्या आधी पाणी

आता भिंत थंड ठेवण्याची पहिली युक्ती. दूध तापवायचं पातेलं आधी पाण्याने विसळून, तळाशी थोडं पाणी राहू देऊन मग त्यात दूध ओततात. ते पाणी तळावर पातळ थर धरतं आणि दूध लगेच तळाला लागत नाही. ज्वलनकक्षात हेच केलं जातं, फक्त बाजू उलटी: तिथे धातूला वायूपासून वाचवायचं असतं. अस्तराच्या पत्र्याला ठरावीक अंतरावर पायरीसारख्या फटी ठेवतात. त्यांतून कॉम्प्रेसरची हवा आत येते आणि भिंतीला चिकटून, तिच्याच दिशेने वाहते. ज्वाळेचा वायू आणि धातू यांच्यामध्ये हवेचा एक पदर पसरतो.

पण पातेल्यातलं पाणी जसं थोड्या वेळात दुधात मिसळून जातं, तसाच हा पदरही पुढे पुढे विरत जातो. फटीजवळ तो जाड आणि थंड, चार-पाच सेंटिमीटर पुढे गेला की ज्वाळेच्या घुसळणीने फाटलेला. म्हणून पुन्हा एक पायरी, पुन्हा नवा पदर. जुनं ज्वलनकक्ष उघडून पाहिलं तर आत एकामागून एक वळी दिसतात त्या याच.

पदर किती चांगला, हे आकड्यात सांगता येतं. वायू १,९०० अंशांचा, हवा ६०० अंशांची. फरक १,३०० अंशांचा. पदराने यातला ७० टक्के फरक अडवला, तर भिंतीला लागून असलेला वायू १,९०० उणे ९१०, म्हणजे ९९० अंशांचा. भिंत निभावली. पुढे जाऊन पदर विरला आणि ५० टक्केच अडवू लागला, की तिथला वायू १,२५० अंशांवर गेला. भिंत संपली. प्रत्येक वळ्याच्या सुरुवातीला धातू गरजेपेक्षा जास्त थंड आणि शेवटाला जेमतेम तगलेला, ही या पद्धतीची खोड. हवा वाया जाते ती इथे: शेवटचा एक सेंटिमीटर वाचवण्यासाठी आधीच्या तीन सेंटिमीटरांवर हवेचा मारा.

५. पदराला न जुमानणारी उष्णता

हवेचा पदर कितीही चांगला असला तरी उष्णतेचा एक भाग त्यातून सरळ आरपार येतो: प्रकाशासारखी येणारी, प्रारणाची उष्णता. होळीपासून दहा पावलं दूर उभं राहिलं तरी चेहरा भाजतो, मधली हवा गार असूनही, ती हीच. ज्वाळा जितकी पिवळी, तितकी ही जास्त, कारण पिवळा रंग काजळीच्या तापलेल्या कणांचा असतो. दाब वाढला की इंधनाच्या फवाऱ्याजवळ काजळी जास्त धरते. पुढे जाऊन ती बरीचशी जळून जाते, धुराड्यातून काळा धूर दिसत नाही. पण जळण्यापूर्वी भिंतीला भाजून गेलेली असते.

ही उष्णता अडवता येत नाही, म्हणून ती भिंतीच्या पाठीमागून काढून न्यावी लागते. त्यासाठी भिंत दुहेरी करतात. बाहेरच्या पत्र्याला बारीक भोकं. त्यांतून हवेच्या धारा सुटतात आणि आतल्या पत्र्याच्या पाठीवर काटकोनात आदळतात. नुसती घासून जाणारी हवा जेवढी उष्णता उचलते, त्याच्या कितीतरी पट ही आदळणारी हवा उचलते. त्यानंतरही ती टाकून देत नाहीत. आतल्या पत्र्याच्या भोकांतून तीच हवा ज्वाळेच्या बाजूला सोडून तिचाच पदर पसरवतात. एका हवेकडून दोनदा काम.

आतल्या पत्र्याची ही भोकं हा स्वतंत्र कारागिरीचा विषय आहे. व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एका कक्षात हजारोंनी, आणि सगळी तिरपी. तिरपी का? १.२ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात भोक सरळ पाडलं तर त्याची लांबी १.२ मिलिमीटर, २० अंशांच्या कोनात पाडलं तर साडेतीन. भोकातून जाताना हवेला उष्णता उचलायला जवळजवळ तिप्पट पृष्ठभाग मिळतो. शिवाय बाहेर पडताना ती ज्वाळेत उडी न घेता भिंतीला बिलगून राहते. असलं तिरपं भोक ड्रिलने पाडता येत नाही, टोक घसरतं. ते लेसरने किंवा विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून पाडतात.

सगळी भिंतच सच्छिद्र केली तर? रोल्स-रॉइसने ट्रान्सप्लाय आणि अमेरिकेतल्या अॅलिसनने लॅमिलॉय या नावाने तसे पत्रे केले होते: आत सूक्ष्म वाटा कोरलेले पातळ थर एकावर एक जोडलेले. हवेची बचत मोठी. पण वाटा जितक्या बारीक तितक्या धुळीने आणि गंजाने लवकर बुजतात, आणि एक बुजली की तिथे डाग पडून भोक पडतं. कागदावर सर्वांत सुंदर आणि वापरायला सर्वांत नाजूक, असं या कल्पनेचं झालं.

६. टांगलेल्या फरशा

आता ज्याला पॅनेल म्हणतात, त्याकडे वळू. प्रश्न फक्त तापमानाचा नाही, प्रसरणाचाही आहे.

साठ सेंटिमीटर व्यासाचं अस्तर घ्या. त्याचा घेर साधारण १.९ मीटर. निकेलचा मिश्रधातू ९०० अंशांनी तापला की हा घेर सुमारे अडीच सेंटिमीटरने वाढतो. सगळं अस्तर सारखं तापलं असतं तर फारसं बिघडत नाही, सगळंच फुगलं असतं. पण ते सारखं तापत नाही. फवाऱ्यासमोरचा भाग जास्त, दोन फवाऱ्यांमधला कमी. आतली बाजू गरम, बाहेरची थंड. गरम भागाला फुगायचं असतं, थंड भाग त्याला फुगू देत नाही. प्रत्येक उड्डाणात ही ओढाताण एकदा होते, इंजिन थंड झालं की उलट दिशेने होते, आणि शेवटी एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत बारीक चीर जाते.

प्रॅट अँड व्हिटनीने यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘फ्लोटवॉल’, तरंगती भिंत. वर उल्लेख आलेल्या व्ही-२५०० मध्ये तो आहे. कामांची वाटणी करून टाकायची, ही त्यामागची कल्पना. बाहेरचं अखंड कवच दाब सोसेल पण ज्वाळा पाहणार नाही. आतली पॅनेलं ज्वाळा सोसतील पण त्यांच्यावर बाकी भार नसेल. दोन्ही बाजूंच्या दाबात फरक लहान असतो, तीन टक्क्यांच्या आसपास. पण मुळातला दाब चाळीस वातावरणांचा असेल तर तीन टक्के म्हणजे सव्वा वातावरण, दर चौरस मीटरला बारा टनांचा रेटा. तो कवचाने घ्यायचा.

एक पॅनेल हातात घेतलं तर ते तळहाताएवढं किंवा थोडं मोठं, किंचित वळलेलं, ओतीव धातूचं असतं. ज्वाळेकडची बाजू गुळगुळीत, साईच्या रंगाचा लेप लावलेली. पाठ मात्र पाहण्यासारखी: शेकडो बुटक्या खुंट्यांनी भरलेली. या खुंट्यांमधून वाट काढताना हवा जास्तीत जास्त उष्णता उचलते. कडेने उभा बांध, म्हणजे हवा वाटेल तिथून निसटत नाही. आणि पाठीवरून निघालेले आटे पाडलेले खिळे, ज्यांना वर्कशॉपमध्ये स्टड म्हणतात. हे स्टड कवचातल्या भोकांतून बाहेर काढून मागून नट आवळतात. शेजारच्या दोन पॅनेलांमध्ये फट मुद्दाम सोडलेली असते. दहा सेंटिमीटरचं पॅनेल कवचापेक्षा ३०० अंशांनी जास्त तापलं तर ते अर्धा मिलिमीटरभर वाढतं, फट तेवढ्यासाठी. एक पॅनेल जळालं तर चार नट काढून दुसरं बसवता येतं, सगळं अस्तर फेकावं लागत नाही.

पण जिथे जोड तिथे खोड. स्टडच्या बुडाशी खुंट्या नसतात आणि मागून आदळणाऱ्या हवेची धार तिथे पोहोचत नाही, कारण नट आणि वायसर वाटेत येतात. नेमकी तीच जागा जास्त तापते, आणि तापलेला स्टड भाराखाली हळूहळू लांबतो. नट सैल पडतो. तसंच कडांचं. बांधाच्या पलीकडे पॅनेलची जी बारीक कड उरते, तिच्यावर ना मागून धारा येतात, ना समोरून पदर पोहोचतो. मागच्या पॅनेलचा पदर फटीपाशी विस्कटतो. या क्षेत्रातली पेटंटं चाळली तर त्यांतली पुष्कळशी या दोनच गोष्टींवर आहेत: स्टडभोवतीचा वर्तुळाकार तुकडा आणि कडेची काही मिलिमीटर रुंदीची पट्टी. मधल्या मोठ्या भागाचं कोणाला फारसं काही पडलेलं नाही. तो कधीच सुटला आहे.

विमानतळावर इंजिन न उघडता हे सगळं तपासतात. बोरोस्कोप म्हणजे टोकाला कॅमेरा असलेली लवचीक नळी. ती इग्नायटरच्या, म्हणजे ज्वाळा पेटवणाऱ्या ठिणगीच्या, भोकातून आत सोडतात आणि तंत्रज्ञ पडद्यावर एकेक पॅनेल पाहतो. चीर किती लांब, लेप कुठे उडाला, कड कुठे खाल्ली गेली. मर्यादा छापील असतात: एवढी चीर चालेल, एवढी असेल तर अमुक तासांनी पुन्हा पाहा, एवढी असेल तर इंजिन उतरवा.

७. पाव मिलिमीटरची मातबरी

लेपाचं काम एका गणिताने कळतं. भिंतीतून दर चौरस मीटरला ५ लाख वॅट उष्णता जाते असं धरू. तळहाताएवढ्या जागेवर ही ५,००० वॅट होते, अडीच गिझर. निकेलचा मिश्रधातू उष्णता बऱ्यापैकी वाहून नेतो, त्यामुळे एक मिलिमीटर पत्र्याच्या दोन बाजूंत फरक पडतो जेमतेम २० अंशांचा. आता त्यावर पाव मिलिमीटर झिरकोनियाचा लेप द्या. झिरकोनिया ही सिरॅमिक वस्तू. उष्णता वाहून नेण्यात धातूच्या वीस-पंचविसाव्या हिश्शाची. तेवढ्याशा लेपाच्या दोन बाजूंत फरक पडतो सुमारे १२५ अंशांचा. ज्वाळा लेपाला चटका देते, धातू त्याच्या सावलीत राहतो. अट एकच: मागून हवा चालू पाहिजे. ती बंद पडली तर उष्णता कुठेच जात नाही, आणि थोड्या वेळात लेपाखालचा धातूही लेपाइतकाच तापतो.

निव्वळ झिरकोनिया इथे चालत नाही. थंड होताना साधारण १,१७० अंशांपाशी त्याच्या स्फटिकांची रचना बदलते, आकारमान एकदम वाढतं आणि लेपाचा भुगा होतो. त्यात सहा ते आठ टक्के यट्रिया मिसळला की हे टळतं. हे नेमकं प्रमाण १९७० च्या दशकात नासाच्या क्लीव्हलँड इथल्या लुईस संशोधन केंद्रात ठरलं, आणि कमी-जास्त फरकाने आजही तेच वापरात आहे. लेप आणि धातू यांच्यामध्ये निकेल, क्रोमिअम आणि अॅल्युमिनिअम असलेला आणखी एक पातळ थर असतो, लेपाला धरून ठेवणारा. त्यातल्या अॅल्युमिनिअमचा ऑक्साइड होऊन त्याची साय वर्षानुवर्षं जाड होत जाते, आणि एका मर्यादेपलीकडे गेली की लेपाचा पोपडा सुटतो.

८. धूळ आणि राख

लेपाचा दुसरा शत्रू बाहेरून येतो. वाळू, माती, ज्वालामुखीची राख यांत कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, अॅल्युमिनिअम आणि सिलिकॉनचे ऑक्साइड असतात. १,२०० अंशांच्या आसपास त्यांची काच होते. ही पातळ काच लेपाच्या बारीक भेगांत उतरते, थंड झाल्यावर तिथेच गोठते आणि जो लेप भेगांमुळेच थोडा लवचीक होता, तो कडक होऊन उडतो. वितळली नाही ती धूळ अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांच्या तोंडाशी साचते.

२४ जून १९८२ ची ब्रिटिश एअरवेजची फ्लाइट ९ पुष्कळांना ठाऊक असेल. लंडनहून निघालेलं हे बोइंग-७४७ मुंबई आणि क्वालालंपूर करून पर्थकडे चाललं होतं. जावा बेटाजवळ, ३७,००० फुटांवर, ते गालुंगुंग ज्वालामुखीच्या राखेच्या ढगात शिरलं आणि चारही इंजिनं एकापाठोपाठ बंद पडली. राख ज्वाळेत वितळून पुढच्या पात्यांवर चिकटली होती आणि वायूची वाट तिने अडवली होती. कॅप्टन एरिक मूडी यांनी विमान तरंगवत खाली आणलं. इंजिनं विझली म्हणून थंड झाली. थंड झाली म्हणून ती काच ठिसूळ होऊन बरीचशी गळून पडली. आणि राखेच्या ढगाखाली आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली. विमान जाकार्ताला उतरलं.

९. हवेवर नवा दावेदार

इथवर भिंतीची हवा वाचवायची ती कार्यक्षमतेसाठी. पुढे दुसरं, जास्त निकडीचं कारण आलं: नायट्रोजनचे ऑक्साइड. फार तापलेल्या ज्वाळेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो. ही साखळी सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात मांडली. ज्वाळेचं तापमान थोडंसं वाढलं तरी या ऑक्साइडांचं प्रमाण भराभर चढतं. उपाय: ज्वाळा मुळातच सौम्य ठेवायची, म्हणजे इंधन पेटण्याआधी त्यात भरपूर हवा मिसळायची. अशा पातळ मिश्रणाच्या इंजिनात शंभरातली साठ-सत्तर किलो हवा फवाऱ्यातूनच आत घेतात. भिंतीच्या वाट्याला ४० किलो देण्याचे दिवस गेले.

भिंतीजवळची हवा कमी करण्याचा एक आडफायदाही आहे. ज्वाळेची कड त्या तुलनेने थंड पदरात शिरली की अर्ध्यात विझते आणि कार्बन मोनॉक्साइड तसाच बाहेर पडतो. पदर जितका पातळ, तितकी ही गळती कमी.

जमिनीवरच्या टर्बाइनना वजनाची भीती नसते, त्यामुळे त्यांचे मार्ग निराळे. सीमेन्सच्या मोठ्या टर्बाइनांत कक्षाला आतून जाड सिरॅमिकच्या फरशा बसवतात. मित्सुबिशीने तर वेगळीच वाट धरली. उरणच्या वायू विद्युत केंद्राचं उदाहरण घ्या: तिथे १०८ मेगावॅटची चार गॅस टर्बाइनं आहेत, आणि त्यांच्या धुराड्यातल्या उष्णतेवर वाफ करून चालणारे १२० मेगावॅटचे दोन संच. अशा प्रकारच्या केंद्रात वाफ आयतीच हाताशी असते. मग भिंत हवेने गार करण्याऐवजी वाफेने का करू नये? मित्सुबिशीच्या ५०१-जी टर्बाइनमध्ये ज्वलनकक्षाच्या भिंतीत नळ्या ठेवून त्यांतून वाफ खेळवली; हे यंत्र १९९७ मध्ये जपानमधल्या ताकासागो इथे चालू झालं. भिंतीने दिलेली उष्णता घेऊन वाफ पुन्हा कामाला जाते, आणि वाचलेली हवा ज्वाळेला मिळते. विमानात हे जमणार नाही; तिथे बॉयलर कुठून आणायचा?

विमानवाल्यांनी म्हणून धातूच सोडायला सुरुवात केली आहे. बोइंग-७७७एक्ससाठी जनरल इलेक्ट्रिकने केलेल्या जीई-९एक्स इंजिनाला अमेरिकेच्या विमान प्रशासनाचं प्रमाणपत्र सप्टेंबर २०२० मध्ये मिळालं. त्यात ज्वलनकक्षाची आतली आणि बाहेरची दोन्ही अस्तरं सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी विणलेल्या सिलिकॉन कार्बाइडची आहेत. वजन धातूच्या एक-तृतीयांश, आणि सोसण्याची ताकद १,३०० अंशांपर्यंत. नुसतं सिरॅमिक काचेसारखं फुटतं. तंतूंमुळे चीर पुढे पळत नाही, वाटेत अडते. गार हवा लागतेच, पण बरीच कमी.

या नव्या भिंतीची दुखणी वेगळी आहेत. एक किलो केरोसीन जळलं की सव्वा किलो पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इतक्या तापमानाला ही वाफ सिलिकॉन कार्बाइडवरच्या सिलिकाच्या संरक्षक सायीशी संयोग पावते आणि तिचा वायू करून उडवून नेते. साय गेली की खालून नवी धरते, तीही जाते, आणि भिंत तसूतसूने पातळ होते. त्यामुळे धातूला उष्णतेपासून वाचवायला लेप होता, तसा या भिंतीलाही एक लेप द्यावा लागतो, यटर्बिअमसारख्या दुर्मिळ मृदा धातूंच्या सिलिकेटचा. त्याचं काम वाफ आत येऊ न देण्याचं.